मेंदूच्या वेशीवर अडलेलं औषध

पार्किन्सन्सच्या रुग्णाला डॉक्टर एक सूचना हमखास देतात. लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या, दूध-पनीर-उसळीबरोबर घेऊ नका. घरच्यांना हे नेहमीचं पथ्य वाटतं आणि चार दिवसांत ते विसरलंही जातं. पण प्रथिनांपासून तयार होणारी काही अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच वाटेनं मेंदूत शिरतात. तिथं गर्दी झाली की गोळी पोटात जाऊनही हात थरथरत राहतो. माझ्या ओळखीच्या एका काकू सकाळची गोळी दुधाबरोबर घ्यायच्या, आणि दहा वाजले तरी त्यांना खुर्चीतून उठायला कुणाचा तरी हात लागायचा. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, दुधाऐवजी पाणी सांगितलं. त्या आपल्या आपण उठू लागल्या. औषध तेच होतं, मात्राही तीच.

मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवर औषध का सापडत नाही, असं आपण विचारतो. माझ्या मते तितकाच मोठा प्रश्न ते पोचत का नाही हा आहे, आणि त्याकडे आपलं लक्ष फार कमी जातं.

१८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नसावा, असा त्यांचा समज झाला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये उलट करून पाहिलं. मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडल्यावर मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक वेस आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की फटीतून काही निसटत नाही. लहान रेणूंच्या औषधांपैकीही बहुतेक आत जात नाहीत. प्रथिनांसारखे मोठे रेणू तर जवळजवळ नाहीतच.

या वेशीला शत्रू मानण्याची चूक करू नये. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामाइन कमी पडतं. पण डोपामाइन थेट दिलं तर ते आत जात नाही. लेव्होडोपा जातं, कारण ते अमिनो आम्ल आहे, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. हाच बदल बाहेर, रक्तात झाला तर मळमळ होते आणि औषध वाया जातं. म्हणून सोबत कार्बिडोपा देतात. ते बाहेरचा बदल रोखतं आणि स्वतः वेस ओलांडू शकत नाही, त्यामुळे आतलं काम अबाधित राहतं. मेंदूची वेस उपचाराच्या कामाला लावण्याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पण लेव्होडोपा उणीव भरून काढतं, मरणाऱ्या चेतापेशी वाचवत नाही. त्या जगवू शकेल असं एक प्रथिन १९९३ मध्ये हाती आलं: जीडीएनएफ. प्रयोगशाळेत त्यानं मोठी आशा दाखवली, पण रेणू मोठा असल्यानं इंजेक्शननं मेंदूत पोचणं अशक्य. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी कवटीतून बारीक नळ्या घालून ते थेट मेंदूत सोडलं. २०१९ मध्ये निकाल आले, आणि ठरवलेल्या मोजमापात औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा पुढे गेले नव्हते. प्रथिनच कुचकामी, की ते उशिरा दिलं गेलं, हा वाद अजून चालू आहे.

मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा उपयोग इथं सुरू होतो. मेलेल्या पेशीच्या जागी नवी पेशी बसवणं ही कल्पना सगळ्यांना ठाऊक आहे. जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांनी तशी रोपणं केली आणि पार्किन्सन्सच्या सात रुग्णांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण पेशी औषधाची वाहकही होऊ शकते. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात क्लाइव्ह स्वेन्डसेन यांच्या गटानं चेतासंस्थेच्या पूर्वज पेशींत जीडीएनएफचं जनुक घातलं आणि त्या पेशी एएलएसच्या १८ रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडल्या. या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. पेशी सोडल्या त्या कमरेच्या भागात आणि एकाच बाजूला. त्यामुळे एका पायाची तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या पायाशी करता आली. पेशी एकाच बाजूला सोडल्या जातील हे रुग्णांना माहीत होतं, आणि त्यांनी त्याला संमती दिली होती. २०२२ च्या अहवालानुसार पेशी ४२ महिन्यांपर्यंत जिवंत राहून प्रथिन तयार करत होत्या. आजार मात्र थांबला नाही. काही मृतदेहांच्या तपासणीत टोचल्या जागेजवळ चेतातंतूंच्या निरुपद्रवी गाठीही दिसल्या. मला हा अपयशाचा अहवाल वाटत नाही. औषध जागेवर पोचवून तिथं वर्षानुवर्षं तयार करत ठेवता येतं, एवढं तरी माणसात सिद्ध झालं.

दुसरी वाट नॅनोवाहकांची. मेदाच्या साधारण शंभर नॅनोमीटरच्या थेंबात औषध भरायचं आणि थेंबावर असा रेणू लावायचा, की वेशीवरच्या पेशींनी त्याला आपला मानून आत घ्यावं. अडचण अशी की हे थेंब रक्तात सोडले की बहुतांश यकृतात जातात. २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं, मेदाच्या थेंबातूनच दिलं जाणारं पॅटिसिरान हे औषध यकृतासाठीच होतं, म्हणूनच ते यशस्वी झालं. ऑक्सफर्डच्या गटानं २०११ मध्ये पेशींतून सुटणाऱ्या नैसर्गिक सूक्ष्म पिशव्या वापरून उंदरांच्या मेंदूत औषध पोचवलं होतं. माणसांत अल्झायमर किंवा पार्किन्सन्ससाठी असं वाहन वापरणारं औषध अजून मान्य झालेलं नाही. मूलपेशीही शिरेतून दिल्या तर त्यातल्या बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात.

हे शेवटचं वाक्य आपल्याकडच्या जाहिराती कधी सांगत नाहीत. एका परिचितांच्या घरी मी एका क्लिनिकचं गुळगुळीत माहितीपत्रक पाहिलं. पार्किन्सन्ससाठी 'स्टेम सेल थेरपी', शिरेतून तीन इंजेक्शनं, खर्च काही लाख. पेशी मेंदूपर्यंत पोचतात कशा, याबद्दल एक ओळही त्यात नव्हती. त्यांच्या मुलानं मुदत ठेव मोडायची तयारी केली होती. वडिलांसाठी मुलगा तेवढं करणारच. त्याच्या या मायेवर कुणी धंदा करावा, याचा मला संताप येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तुमच्या घरी कुणी असा उपचार सुचवला, तर त्या चाचणीचा क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला क्रमांक मागा आणि आपल्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. क्रमांक मिळाला नाही, किंवा पैसे मागितले, तर सही न करता उठून या.