अर्जुनाचा विषाद आणि आजचा विद्यार्थी

भगवद्गीतेचा पहिला अध्याय ‘अर्जुनविषादयोग’, म्हणजे खचलेल्या मनाचा अध्याय असून, त्यात अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते आणि गांडीव हातातून निसटते. विषाद असा आधी देहात दिसतो, हे वसतिगृहातल्या जेवणाला न येणाऱ्या, रात्र रात्र जागणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहतानाही ध्यानात ठेवावे लागते. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला दुबळेपणाबद्दल फटकारतात, पण तेवढ्याने तो उठत नाही, उलट लढणार नाही असे सांगून गप्प बसतो, आणि खरा उपदेश त्यानंतरच सुरू होतो; ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगणाऱ्या पालकांनी व प्राध्यापकांनी हा क्रम नीट वाचायला हवा. ‘टेलि-मानस’ ही शासकीय समुपदेशन सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे, मात्र तो क्रमांक फिरवण्याचेही त्राण नसलेल्या मुलाला तो शेजारी बसून लावून देणारे कुणीतरी लागते.