पाळणारा तो पालक?

नोएडात शिष्यवृत्तीच्या अर्जाला ‘आय प्रमाण पत्र’ जोडतात, महाराष्ट्रात ‘उत्पन्नाचा दाखला’. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख, महाराष्ट्रातल्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीची ८ लाख. आकडे वेगळे, प्रश्न एकच: आईवडील किती कमावतात? मुलांना किती देतात, हे कुणी विचारत नाही.

भाषांतर करणारी असल्यामुळे मी शब्दापाशी अडते. इंग्रजी ‘पेरेंट’च्या मुळाशी जन्म देणं आहे, आपल्या ‘पालक’च्या मुळाशी सांभाळणं. ‘पालकांचे वार्षिक उत्पन्न’ असं अर्जावर छापताना जन्म देणारा तोच सांभाळणारा, हे सरकारने धरूनच टाकलं.

ओळखीतला एक मुलगा. वडिलांना पगार चांगला. मुलाला इतिहास शिकायचा होता, त्यांना इंजिनिअर हवा होता. त्यांनी फी भरायचं नाकारलं. आता गंमत पाहा (गंमत कसली!): हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर बापाची जबाबदारी सज्ञान झाल्यावरही राहते, मुलाची मात्र अठराव्या वर्षी संपते. म्हणजे ज्या पैशावर या मुलाचा कायद्याने हक्क नाही, तोच पैसा शिष्यवृत्तीच्या वेळी त्याचा म्हणून मोजला जातो. आणि मुलीला हक्क आहे म्हणावं, तर फीसाठी बापाला कोर्टात खेचायचं!

यावरचा आक्षेप मला मान्य आहे. नाकारणाऱ्या बापाचं उत्पन्न वगळलं, तर उद्या सगळेच बाप कागदोपत्री नाकारतील आणि खऱ्या गरिबाचा वाटा जाईल. पण म्हणून त्या मुलाने काय करायचं? जर्मनीत ‘बाफ्योग’ नावाच्या विद्यार्थी-साहाय्याच्या कायद्यात यावर तोड आहे. आईवडील त्यांच्या वाट्याची रक्कम देत नसतील आणि त्यामुळे शिक्षण अडत असेल, तर सरकार ती आगाऊ देतं आणि नंतर त्यांच्याकडून वसूल करतं. बापाशी भांडण सरकारचं. मुलाने अभ्यास करावा.

आपल्याकडे उरतं कर्ज. तिथेही २०२४ च्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत व्याजाची ३ टक्के सवलत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तरच.

तो मुलगा सध्या शिकवण्या घेतो आणि दूरशिक्षणातून इतिहास शिकतो. अर्जावर वडिलांचा पगार मात्र दरवर्षी इमानदारीने लिहितो.