आजचं चिंतन : शिकणारी आई

जय जय रघुवीर समर्थ!

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, तिसरा स्कंध, अध्याय २५ ते ३३ (कपिलगीता). सोबत दासबोध, दशक अकरावा, समास तिसरा.

आईने मुलाला शिकवलं, अशा कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुनीतीने ध्रुवाला वाट दाखवली. कयाधूच्या पोटात असतानाच प्रल्हादाने नारदांचा उपदेश ऐकला. जिजाऊंचं तर सांगायलाच नको. पण भागवतात एक जागा अशी आहे, जिथे आई मुलासमोर बसते आणि म्हणते, "बाळा, आता तू सांग, मी ऐकते." ती आई म्हणजे देवहूती, आणि मुलगा कपिल. आज आपल्याला तिच्याकडे बघायचंय.

देवहूती राजाची मुलगी, स्वायंभुव मनूची. लग्न केलं कर्दम ऋषींशी, आणि राजवाडा सोडून आश्रमात आली. नवऱ्याची सेवा करता करता अंगाने सुकून गेली, असं भागवत स्वतःच सांगतं. पुढे सुख आलं, वैभव आलं, नऊ मुली झाल्या. अनसूया आणि अरुंधती या तिच्याच लेकी बरं का! मग कपिल जन्मला. मुलींची लग्नं झाली, कर्दम वनात निघून गेले, आणि बिंदुसरोवराच्या काठी उरले फक्त आई आणि मुलगा.

आता तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. सगळं करून झालंय. कोणी नावं ठेवावीत असं काहीच नाही. तरीही ती मुलाला म्हणते की या इंद्रियांच्या मागे धावून मी थकले, मला अंधारात काही दिसत नाही, तू मला वाट दाखव.

हा प्रश्न विचारायला किती धीर लागत असेल! आपल्याकडे आईने थकल्याचं सांगितलं की घरातले म्हणतात, "मग जरा आराम कर." देवहूतीला आराम नको होता. तिला कळून घ्यायचं होतं. मुलं मोठी झाली, तरी तिची स्वतःची वाढ राहिली होती.

आणि आमच्या जालन्याशी या कथेचं नातं आहे. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मला. वडील लवकर गेले. थोरला गंगाधर संसाराला लागला. धाकटा मात्र अडगळीच्या खोलीत अंधारात जाऊन बसायचा. काय करतोस रे, असं आईने विचारलं, तर म्हणाला की साऱ्या जगाची काळजी वाहतोय. कोणत्या आईला हसू आलं नसेल! आणि पोटात थोडं धस्सही झालं असेल.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आसनगावला लग्नाचा मांडव, अंतरपाट, 'सावधान' हा शब्द, आणि बारा वर्षांचा मुलगा मांडवातून पळाला. बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तपश्चर्या, पुढची बारा वर्षं देशभर पायी तीर्थाटन. आपण हे सगळं नेहमी समर्थांच्या बाजूने वाचतो. आज जरा जांबच्या घरातून वाचू या. चोवीस वर्षं! पत्र नाही, निरोप नाही. मुलगा जिवंत आहे की नाही, तेही ठाऊक नाही. परंपरा सांगते की रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली.

मी आई म्हणून ही गोष्ट वाचते तेव्हा इथेच अडते. माझी लेक पुण्यात नोकरी करते आणि धाकटा यंदा शिकायला बंगळुरूला गेला. रोज व्हिडिओ कॉल होतो, जेवलास का विचारता येतं, तरी संध्याकाळी कुकर लावताना हात आपोआप चार माणसांचा तांदूळ घेतो. मग राणूबाईंनी चोवीस वर्षं रोजचा स्वयंपाक कसा केला असेल?

चोवीस वर्षांनी एक गोसावी दाराशी आला आणि त्याने रघुवीराच्या नावाचा घोष केला. आतून राणूबाईंनी सुनेला सांगितलं, गोसाव्याला भिक्षा घाल. गोसावी म्हणाला, हा भिक्षा घेऊन जाणाऱ्यांतला नव्हे. आईने आवाज ओळखला. समर्थांनी तिच्या डोळ्यांवरून हात फिरवला, तिला दिसू लागलं. ती भाबडेपणाने म्हणाली, हे कुठलं भूत वश केलंस रे? तेव्हा समर्थांनी अभंगातून उत्तर दिलं की ते भूत म्हणजेच साक्षात राम.

आणि यानंतरची गोष्ट फार कमी जण सांगतात. समर्थ आईजवळ राहिले, आणि त्या मुक्कामात त्यांनी आईला कपिलगीता सांगितली, असं त्यांच्या चरित्रांत येतं. बघा, भागवतात इतकं काही आहे! आईचं रडणं थांबवायला त्यांनी कुठला भाग निवडला? ज्यात मुलगा आईला शिकवतो तो. कपिल आणि देवहूती हजारो वर्षांनी जांबच्या ओसरीवर येऊन बसले म्हणायचे.

काय सांगितलं कपिलाने? सांख्य आणि योगाचा विस्तार मोठा आहे, तो एका दिवसात होणार नाही. आई म्हणून मला ज्या तीन गोष्टी लागल्या, तेवढ्याच सांगते.

पहिली गोष्ट, मनाची. बांधतंही मनच आणि सोडवतंही मनच, असं कपिल सुरुवातीलाच सांगतो. विषयांत गुंतलं की बंधन, भगवंतात रमलं की सुटका. म्हणजे घर, नोकरी, मुलं, सासर यांना दोष द्यायची सोय त्याने ठेवलीच नाही. "मुलं मोठी झाली की करू", "रिटायर झाल्यावर वाचू" हे जे आपण म्हणतो ना, त्याला इथे जागा नाही. मन आत्ताही आपल्यापाशीच आहे.

दुसरी गोष्ट, आसक्तीची. ही मला सगळ्यात जवळची वाटते. कपिल आईला "माया तोडून टाक" असं म्हणत नाही. तो म्हणतो की आसक्ती हा न तुटणारा पाश आहे, पण तीच आसक्ती साधूंच्या ठिकाणी लागली की मोक्षाचं दार उघडतं. आईचं प्रेम फेकून द्यायची वस्तूच नाही. त्याला थोडं वळवायचंय. मुलाची वाट बघणारे तेच डोळे, देवाचीही वाट बघू शकतात. आणि साधू कोण? जो सोसतो, ज्याला करुणा आहे, जो सगळ्यांचा मित्र आहे, ज्याचा कोणी शत्रू नाही. भगवे कपडे हे लक्षण त्याने सांगितलेलं नाही. तुमच्या सोसायटीतही असा कोणी सापडेल, शोधून बघा.

तिसरी गोष्ट एकोणतिसाव्या अध्यायात आहे, आणि ती जरा टोचणारी आहे. सर्व जीवांच्या आत बसलेल्या मला ओलांडून जो नुसती मूर्ती पूजतो, तो राखेत आहुती टाकतो, असं भगवान म्हणतात. देवघर चकचकीत, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईशी आपण कसे बोलतो? मुलं आपलं स्तोत्र ऐकत नसतात, हे मात्र नेमकं ऐकत असतात. मुलांवर संस्कार कसे करायचे यावर पुस्तकं खूप आहेत, पण कपिलाचं हे एक वाक्य घरात पाळलं तरी पुष्कळ झालं.

आता येतो तेहतिसावा अध्याय, आणि आजच्या चिंतनाचा गाभा.

सगळं ज्ञान सांगून झालं. देवहूतीने मुलाची स्तुती केली. मग कपिल आईची परवानगी घेऊन निघाला. आणि त्यानंतर व्यास लिहितात की नवरा आधीच वनात गेलेला, आता मुलगाही गेला, तेव्हा तत्त्व जाणूनसुद्धा देवहूती वासरू हरवलेल्या गाईसारखी व्याकूळ झाली.

दोनदा वाचा ही ओळ. साक्षात भगवंतांकडून ज्ञान मिळालं, तरी आईला रडू आलं. आणि भागवत तिला त्याबद्दल एका शब्दानेही बोलत नाही! तिची साधना कच्ची होती असं म्हणत नाही. ती रडली, आणि मग त्याच बिंदुसरोवराच्या काठी तिने मुलाने सांगितलेली साधना सुरू केली. रडणं आणि साधना एकाच आईच्या पोटात राहिली. पुढे ती सिद्धीला पोहोचली. गुजरातमधलं सिद्धपूर हेच ते ठिकाण मानतात. तिथल्या बिंदुसरोवरावर आजही लोक आईचं श्राद्ध करायला जातात, आणि त्या जागेला मातृगया म्हणतात.

राणूबाईंचंही तसंच. समर्थ पुन्हा निघालेच. पण आधी न सांगता पळालेला मुलगा या वेळी आईचा निरोप घेऊन गेला. आईने निरोप दिला. बारा वर्षांच्या नारायणाला ती थांबवू शकली नव्हती. आता मुलगा तोच, जाणंही तेच, तरी ती जाऊ दे म्हणाली. मला वाटतं, दृष्टी आली ती इथे.

मग प्रश्न येतो, मुलं गेल्यावर दिवसभर करायचं काय? इथे समर्थ फार रोखठोक आहेत. त्यांना रडत बसलेला माणूस चालतो, पण नुसता बसलेला चालत नाही. टाकळीला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जप, आणि त्याच्या जोडीला सूर्यनमस्कार. परंपरा रोजचे बाराशे सांगते. पुढे गावोगावी त्यांनी मारुती उभे केले तेही बलोपासनेसाठीच. अकराव्या दशकातला आजचा समास तर चक्क दिनचर्या आहे. पहाटे उठा, काही पाठ करा, देवाला आठवा, बाहेर दूरवर जा, आणि येताना रिकाम्या हाताने येऊ नका, काहीतरी घेऊन या. साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगितलेलं हे, आणि आपण मोबाइलवर स्टेप्स मोजतो!

मी रोज सकाळी मोती तलावाकडे चालायला जाते. जाताना त्रयोदशाक्षरी मंत्राचा जप, येताना समर्थांच्या सांगण्याप्रमाणे काहीतरी आणायचं. कधी पूजेला दूर्वा, कधी शेजारच्या आजींचं औषध, कधी नुसती एखादी नवी ओळख. सूर्यनमस्कार तीनपासून सुरू केले, आता बारा होतात. कोणी म्हणतं, "या वयात कशाला?" अहो, आमच्या जिल्ह्यातली माणसं अंगारकीला रात्रभर चालत राजूरच्या गणपतीला जातात, त्यात साठीच्या बायका कितीतरी असतात. पाय दुखतात, पण त्या पुढच्या अंगारकीला परत निघतात. शरीर हे देवाने दिलेलं आहे, त्याला गंज चढू देऊ नये, एवढंच. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून करा, खुर्चीत बसून हात हलवले तरी चालेल. पण हलायचं!

आता तुमच्याशी थोडं, मुलांनो. तुम्ही पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, कोणी परदेशात बसून हे वाचता. तुमची आई जालन्यात, परतुरात, अंबडला किंवा आणखी कुठल्या गावात आहे. तुम्ही तिला मोबाइलवर पैसे कसे पाठवायचे ते शिकवता. मग हळूच चिडता, "अगं किती वेळा सांगायचं!" त्या क्षणी कपिल आठवा. तो मुलगा होता आणि भगवंतही होता, तरी आईच्या एकेका प्रश्नाला सविस्तर उत्तर देत बसला. देवहूतीने मध्येच थांबवून पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं.

आणि आईला फक्त तब्येत विचारू नका. "आज काय वाचलंस? नवीन काय शिकलीस?" असं विचारून बघा. तिला गाणं शिकायचं असेल, गाडी शिकायची असेल, संस्कृत शिकायचं असेल. तिने कधी सांगितलं नसेल, कारण कोणी विचारलं नाही. जालन्याला जुनी माणसं 'सोने का पालना' म्हणतात. पाळण्यातलं बाळ मोठं होऊन उठून गेलं, तरी पाळण्याची दोरी धरणारी तिथेच असते. तिचाही हात धरून तिला उठवायचं काम आता तुमचं.

आजची साधना :

१. तिसऱ्या स्कंधाचा पंचविसावा अध्याय अर्थासह वाचा. जमलं तर आईला फोन लावून मोठ्याने वाचा. दहा-बारा मिनिटं लागतात.

२. आज वीस मिनिटं चाला, जप करत. येताना रिकाम्या हाताने येऊ नका.

३. ज्या माणसाशी आपण रोज तुटक बोलतो, त्याच्याशी आज एकदा नीट बोला. आहुती राखेत जायला नको.

प्रार्थना :

हे रघुराया, माझी मुलं जिथे असतील तिथे तू आहेसच, हे मला पटू दे. त्यांची आठवण आली की डोळे भरू देत, पण त्याच डोळ्यांनी मला तूही दिसू दे. हातापायांत बळ दे, शिकायची लाज वाटू देऊ नकोस, आणि निरोप देताना माझा हात मोकळा राहू दे.

जय जय रघुवीर समर्थ!