मडके थापटून पाहावे



आमचे गाव रत्नागिरीपासून फार लांब नाही. माघात तिथे सप्ताह असतो. काही वर्षांपूर्वी काल्याच्या आदल्या रात्री कीर्तनाला चोखोबांचे चरित्र लागले होते. बुवा नावाजलेले. महाद्वाराबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांचे वर्णन करताना त्यांचा कंठ दाटून आला. मांडवातल्या बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावला. मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी काला झाला आणि देवळासमोरच्या खळ्यात महाप्रसादाची पंगत बसली. एका वाडीची माणसे नेहमीप्रमाणे कडेला, माडाखाली, वेगळी बसली. तिथे बसा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. इकडे या असेही कोणी म्हणाले नव्हते. वाढपी तिकडे सर्वांत शेवटी जात.

आमच्या विणेकरीबुवांची नात, शाळेत जाणारी मुलगी, पंगतीत पाणी वाढत होती. ती कीर्तनकार बुवांच्या पानासमोर थांबली आणि म्हणाली, “बुवा, चोखोबा आज आले असते, तर त्यांना कुठल्या पंगतीला बसवलं असतं?”

सगळे गप्प झाले. बुवा म्हणाले, “बाळ, लहान तोंडी मोठा घास घेऊ नये. असले प्रश्न विचारले की श्रद्धा ढळते.” आजोबांनी नातीला घरी पाठवले. मी बुवांच्या शेजारच्या पानावर होतो. खाली मान घालून भात कालवत राहिलो.

माउली, बुवांचे हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकले असेल. पण आपल्या संप्रदायात प्रश्न खरेच वर्ज्य आहे का? गोरोबाकाकांची गोष्ट आठवून पाहा. संतमेळा जमलेला असताना मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटले. बाकीचे शांत राहिले, नामदेवराय रागावले, आणि मडके कच्चे ठरले. प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोलत असे, त्यांना हे भर मेळ्यात ऐकावे लागले. हे घडवून आणणारी मुक्ताबाई भावंडांत सर्वांत धाकटी. तिला कोणी लहान तोंडी मोठा घास म्हटले नाही. नामदेवराय आधी दुखावले खरे, पण पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि शिष्य झाले. त्यांचे मोठेपण थापटण्याने कमी झाले नाही. परीक्षा मानली म्हणून ते वाढलेच.

थापटल्याने पक्के मडके फुटत नाही. म्हणून जे महाराज आपल्याला प्रश्नच विचारू देत नाहीत, त्यांच्याविषयी सावध राहावे. चूक कोणाची होत नाही? बोलण्याइतके चांगले वागणे कोणालाच जमत नाही, मलाही नाही. त्याला दंभ म्हणत नाहीत. बोलणे आणि वागणे यांतले अंतर कोणी दाखवले की देवाचे नाव पुढे करून त्याचे तोंड बंद करायचे, याला दंभ म्हणतात.

गोरोबांची गोष्ट सातशे वर्षांची. आपल्याच मुलखातल्या एका माणसाने ती अगदी अलीकडे जगून दाखवली. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोलीजवळच्या पालगडचा. चोखोबांची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीजवळ आहे. वारकरी तिथे माथा टेकवतात. पण चोखोबांच्या जातीच्या माणसाला १९४७ सालापर्यंत त्या पायरीच्या आत जाता येत नव्हते. रत्नागिरी शहरात भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ सालीच सर्व जातींना खुले झाले होते. पंढरीचे दार मात्र बंदच होते. आत अभंग चोखोबांचे चालत आणि चोखोबांचे वंशज बाहेर उभे.

गुरुजींनी १९४६च्या कार्तिकीच्या सुमारास उपोषणाचा निश्चय केला. सेनापती बापट आदींनी थांबवले, आधी लोकांशी बोला म्हणाले. गुरुजींनी ऐकले. पुढचे काही महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले आणि लोकांपुढे हा प्रश्न मांडला. कित्येक ठिकाणी देवळे आणि पाणवठे खुले झाले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. गांधीजींनी उपोषण सोडण्याविषयी तार केली, तरी ते ढळले नाहीत. सुमारे दहा दिवसांनी बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्याचे मान्य केले. त्यावर काही सनातन्यांनी देवाचे तेज एका घागरीत काढून ठेवले, अशी हकीकत पंढरपुरात सांगतात. माणसांना आत येऊ देण्यापेक्षा देवाला बाहेर काढणे त्यांना सोपे वाटले.

या उपोषणाला जागा कोणी दिली, हे आपण वारकऱ्यांनी विसरू नये. ती दिली तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. गावात विरोध पेटलेला असताना एका महाराजांनी दार उघडले. प्रश्न विचारणारा माणूस महाराजांचा वैरी नसतो आणि खरा महाराज प्रश्नाला भीत नाही, हे त्या मठाने दाखवून दिले.

गुरुजींच्या रीतीतही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्यांनी बडव्यांना शिव्या दिल्या नाहीत, विठ्ठलाला सोडले नाही. प्रश्नाची किंमत स्वतःच्या देहावर घेतली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे रामेश्वर भट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले. तेव्हा ज्याला विचारायचे, तोही उद्या आपल्या दिंडीत येईल असे मानून विचारावे. आणि थापटणे आधी स्वतःच्या डोक्यावर घ्यावे.

मी ते घेतले तेव्हा आवाज कच्चा आला. त्या दिवशी दंभ एकट्या बुवांचा नव्हता. चोखोबांसाठी रात्री रडून दुपारी भात कालवणारा मीही त्यात होतो. बुवांना निदान उत्तर तरी द्यावे लागले. मला कोणी विचारलेच नव्हते, म्हणून मी सुटलो.

पुढच्या वर्षी काल्याच्या दिवशी मी माझी पत्रावळ उचलली आणि माडाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळाने विणेकरीबुवा आले, आणखी दोघे-तिघे आले. ज्या म्हाताऱ्याशेजारी मी बसलो, त्याने फक्त सरकून जागा दिली. काही जण अजून माझ्यावर नाराज आहेत. त्या वाडीतलेही एकदोघे म्हणाले, इतकी वर्षे कुठे होतात? त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माउली, यंदाही तुमच्या गावी सप्ताह बसेल, दिंडी निघेल. एखादे पोर भर पंगतीत नको ते विचारील. त्याला घरी पाठवू नका. बुवांच्या आधी आपल्यापैकी कोणीतरी म्हणावे, “बाळ, बरोबर विचारलंस. बस इथे.”

रामकृष्ण हरी.