कच्चें रेखाटन आणि पक्कें चित्र

राज्यकर्त्यांनीं काढविलेलीं युद्धाचीं व तहाचीं चित्रें खोटीं असतात, असें सरसकट म्हणण्याचा प्रघात पडला आहे. खोटेपणा त्यांत नेमका कोठें शिरतो हें मात्र कोणी पाहत नाहीं. त्यासाठीं आधींचीं कच्चीं रेखाटनें पाहिलीं पाहिजेत.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें व्हान डर म्यूलेन या चित्रकारास स्वारींत बरोबर नेलें. वेढा पडलेलीं गांवें, तट, नदीचें वळण तो प्रत्यक्ष पाहून निष्ठेनें रेखाटी. पुढें त्यांवरून झालेल्या भव्य चित्रांत अश्वारूढ राजा अग्रभागीं आला. तट खरा, तेव्हां शौर्यही खरेंच असणार, अशी ही युक्ति!

आपल्याकडील उदाहरण याहून बोलकें आहे. टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे व निजाम यांचा तह १७९० मध्यें झाला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पुण्याच्या दरबारांत सवाई माधवरावांपुढें तो पुरा करीत आहे, असें थॉमस डॅनियलचें तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. तें १८०५ चें. ज्याच्या रेखाटनांवर तें उभें आहे तो जेम्स वेल्स पुण्यास आला १७९२ मध्यें. म्हणजे दरबार ना त्यानें पाहिला, ना डॅनियलनें. पेशवे व नाना फडणीस यांचे चेहरे वेल्सनें समोर पाहून टिपले, ते खरे. पण पेशवे व वेल्स दोघेही १७९५ सालीं वारले, नाना १८०० सालीं. आणि १८०३ मध्यें इंग्रज शिंदे-भोसल्यांशीं लढले. तहाचा तिसरा भागीदार निजाम, ज्याच्या घराण्याकडे आमची परभणी १९४८ पर्यंत होती, त्याच्याशीं तर पेशव्यांची खर्ड्याची लढाई १७९५ मध्येंच झाली. चित्रांत स्नेह रंगला, तेव्हां तो जगांत उरला नव्हता.

मग दोष कोणाचा? साक्षीदार खरें बोलला, वकिलानें त्यावर हवा तो खटला रचला, असें म्हणून वेल्सला सोडून देणें सोपें आहे. मला तें पटत नाहीं. मॅलेट त्याचा आश्रयदाता होता (पुढें, वेल्सच्या मृत्यूनंतर, त्याचा जांवईही झाला), आणि हे चेहरे कोणत्या दरबारांत बसावयाचे हें त्यास ठाऊक होतें. एकेक चेहरा खरा काढणें हीच त्या रचनेची त्यानें केलेली चाकरी होय. गंमत अशी कीं, वेल्सचीं बरींच रेखाटनें आज अमेरिकेंत येल विद्यापीठाकडे आहेत, आणि चित्र लंडनमध्यें. दोन्ही शेजारीं ठेवून पाहावयाचीं तर मध्यें समुद्र आहे.