रांगेत उभा राहिलेला वेळ कोणाचा?



सकाळी चहासाठी आपण दूध पातेल्यात ओततो, तेव्हा ते किती हातांतून आपल्यापर्यंत आले याचा विचार सहसा मनात येत नाही. आलाच तर गोठ्यातली माउली आठवते, संकलन केंद्रावर फॅट मोजणारा मुलगा आठवतो. मधला एक माणूस मात्र हटकून निसटतो. तो म्हणजे टँकरचा ड्रायव्हर.

गेल्या उन्हाळ्यात विंचूर-प्रकाशा रस्त्यावरच्या एका टपरीवर अशाच एका ड्रायव्हरची गाठ पडली. दुधाचा टँकर रिकामा करून तो परत निघाला होता. डोळे लाल झाले होते. मी विचारले, "भाऊ, गाडी किती तास चालवली?" तो म्हणाला, "जाता-येता सहा तास, दादा." "आणि डेअरीच्या फाटकाशी किती वेळ थांबलात?" तो हसला. "सात तास. पण ते कोण मोजतो? आमचा पगार खेपेवर."

ते सात तास म्हणजे आराम नव्हे. आधी भरलेली गाडी काट्यावर जाते, सील तपासले जाते, नमुना प्रयोगशाळेत जातो. फॅट, आम्लता, भेसळ असे सगळे पाहून झाल्यावर दूध उतरते. मग टाकी आतून धुतली जाते आणि रिकाम्या गाडीचे पुन्हा वजन होते. रांग हलली की गाडी पुढे घ्यावी लागते, म्हणून डोळा लावता येत नाही. दूध नासले किंवा वजनात कमी भरले तर पहिला ठपका त्याच्यावरच येतो. उठताना तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "दूध तापाले नको दादा, मानूस तापना तरी चाली."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. दूध चार अंशांच्या आसपास थंड राहावे म्हणून टाकीला दुहेरी भिंत असते आणि त्या भिंतींमध्ये उष्णता अडवणारा थर असतो. तीच टाकी ओढणाऱ्या माणसाच्या केबिनमध्ये मात्र वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग. नव्या ट्रकमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची करणारी अधिसूचना केंद्र सरकारने काढली ती २०२३ च्या डिसेंबरात. दुधाची काळजी आपण त्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो.

मग प्रश्न असा की, रांगेत उभे राहणे हे काम आहे की नाही?

कायद्यानेही या प्रश्नाला हात घातला होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्याला एक सुट्टी असे नियम घातले. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनाच लागू होता. एक-दोन गाड्यांच्या धंद्याला तो शिवलाच नाही. शिवाय थांब्यावर नुसते हजर राहण्याचा वेळ त्याने पंधरा मिनिटांहून कमी असेल तरच कामात धरला होता. पुढे २०२० च्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. पण पंधरा मिनिटांच्या पुढचे उभे राहणे कोणाच्या खात्यावर मांडायचे, हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. तो आपल्या विवेकाचा आहे.

कोणी म्हणेल, "त्याने खेपेचा दर कबूल केला आहे, मग तक्रार कसली?" पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात नेमके याला उत्तर दिले आहे. दोघांनी राजीखुशीने मजुरी ठरवली तरी त्या कराराहून जुना एक न्याय आहे, असे ते सांगतात. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ त्या मजुरीत चालला पाहिजे. गरजेपोटी दिलेला होकार अन्यायाला न्याय ठरवू शकत नाही. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेण्याचे एक कारण म्हणून याच परिपत्रकाचा उल्लेख केला.

दुसरा कोणी म्हणेल, "मालकाला तरी काय उरते?" हेही खोटे नाही. कर्जाचा हप्ता, डिझेल, टोल, टायर हे सगळे त्याच्याच माथ्यावर असते. दूधवाल्या शेतकऱ्याचे दुखणे तर आपल्यापैकी अनेकांच्या घरचेच आहे. पण जरा हिशेब मांडू या. टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर लिटरमागे पाच पैसे म्हणजे खेपेला पाचशे रुपये होतात. पाच पैसे आपल्यापैकी कोणाला जाणवणार? पाचशे रुपये मात्र एका घराला जाणवतात.

द्राक्षमळ्याचा दाखला आपल्या बागलाणात समजावून सांगावा लागत नाही. दिवस मावळायला तास उरला असताना कामावर घेतलेल्या मजुरांनाही मालकाने पूर्ण रोज दिला. आपण या दाखल्यात मालकाचे औदार्य पाहतो, आणि ते आहेच. पण ते मजूर दिवसभर बाजारात आळसाने बसले नव्हते. कोणी बोलावत नाही म्हणून उभे होते. त्या उभ्या राहण्यालाही पोट असते, हे त्या मालकाने ओळखले.

आपल्या सटाण्याला दयेची थोर परंपरा आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात देवमामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, ही कथा इथले लेकरूही सांगते. पण ड्रायव्हर दुष्काळग्रस्त नाही. नाताळात त्याला ब्लँकेट दिले तर ती दया होईल. सात तासांचे पैसे देणे ही दया नव्हे, ते देणे आहे. आणि देणे थकवून केलेला दानधर्म देवाला पोहोचत नाही.

आपल्यात कोणाच्या गाड्या आहेत, कोणी दूध संस्थेच्या कारभारात आहे, तर कोणाचा मुलगाच स्टिअरिंगवर आहे. फाटकाशी गाडी आल्याची वेळ चलनावर लिहावी, दोन तासांपुढच्या थांबण्याचे पैसे ठरवावेत, पाणी, संडास आणि पाठ टेकायला सावली द्यावी. एवढे मागायला मोर्चा लागत नाही. आणि ज्यांच्या हाती यातले काहीच नाही, त्यांनी दारात किंवा रस्त्यावर ड्रायव्हर भेटला तर निदान विचारावे, "भाऊ, किती वेळ उभे आहात?"

सुतारकाम करून घर चालवणाऱ्या संत योसेफा, रस्त्यावरच्या आमच्या भावांना सुखरूप घरी आण. आणि त्यांचे देणे चुकते करण्याची बुद्धी आम्हांला दे.