भाऊसाहेबांचं वजन

आजारी पडणाऱ्यांच्या माझ्या मते दोनच जाती आहेत. सांगणारे आणि न सांगणारे. पहिल्या जातीचा मी आजीव सभासद आहे. मला शिंक आली तर ती आमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर कळते, आणि ताप शंभरावर गेला की मी विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते खोल आवाजात सांगू लागतो. दुसऱ्या जातीत आपल्याकडच्या बहुतेक गृहिणी येतात. कंबर धरली तरी त्या चकल्या पाडत असतात, आणि "बरं नाही का?" असं विचारलं तर "मला काय धाड भरलीय!" असं म्हणून पुढची चकली पाडतात.

गिनीपिग नावाचा प्राणी या दुसऱ्या जातीत मोडतो, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

हा प्राणी आमचा नव्हे, नातीचा. मुलाची बदली बंगळुरूला झाली तेव्हा "वर्षभरच सांभाळा हं आजोबा" असं म्हणून ती पिंजरा आमच्या बाल्कनीशेजारी ठेवून गेली. त्याला तीन वर्षं झाली. गोल अंग, मान जवळजवळ नाहीच, आणि सकाळी सहाला दाराशी येऊन चहाची वाट बघणाऱ्या पेन्शनरासारखी मुद्रा. त्यामुळे त्याचं नाव आपोआपच 'भाऊसाहेब' पडलं. फ्रिजचं दार उघडलं की भाऊसाहेब शीळ घातल्यासारखे ओरडतात. कोथिंबीर फ्रिजमध्ये असते आणि फ्रिज आपल्यासाठीच घेतलेला आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

गिनीपिग हा गिनी देशातला नाही आणि पिग तर नाहीच नाही. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्याला माणसाळवलं ते खाण्यासाठी, आणि पेरू देशात आजही तो आवडीने खाल्ला जातो. एकच प्राणी कुणाच्या ताटात असतो आणि कुणाच्या मांडीवर. नीतिशास्त्राच्या जाड पुस्तकांना घाम फुटावा असा हा प्रश्न आहे. आमच्या घरी तो एका रविवारी सकाळी साडेसात वाजता उपस्थित झाला.

"भाऊसाहेबांना बरं नाही," सौ. म्हणाली.

"कशावरून?"

"फ्रिज उघडला तरी ओरडले नाहीत. रात्रीची काकडी तशीच पडलीय. लेंड्या निम्म्यावर आल्यात, त्याही बारीक. केस फुलवून पाठीला पोक काढून बसलेत. आणि हनुवटी बघा, ओली आहे."

मी कोथिंबिरीची काडी पुढे केली. भाऊसाहेब लगेच उठले, दाराशी आले, त्यांनी काडी तोंडात घेतली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, झालं, आहे की ठणठणीत! पण सौ. म्हणाली, "थांबा जरा." थोड्या वेळाने काडी अलगद खाली पडली. चघळलेली नव्हती. लग्नाच्या पंगतीत पोट बिघडलेला व्याही आग्रहाचा जिलबीचा तुकडा हातात धरून बसतो, तसला तो प्रकार होता.

ही लबाडी नव्हे. गवतात कळपाने राहणाऱ्या आणि सगळ्यांचं भक्ष्य असलेल्या प्राण्याला आजारी दिसणं परवडत नाही. जो लंगडतो, त्याच्यावर ससाण्याची नजर आधी जाते. म्हणून शक्य असेल तोवर काही झालंच नाही असं दाखवायचं, हा धडा त्याच्या रक्तात उतरलेला आहे. आमच्या बाल्कनीत ससाणा नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायचं? सौ.ने हे बरोबर ओळखलं. ओळखणारच. ती त्याच पंथातली.

नातीने फ्रिजवर चिकटवलेल्या सूचनांनुसार दर रविवारी भाऊसाहेबांना प्लॅस्टिकच्या टोपल्यात बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं जातं. गेल्या रविवारी ९६० ग्रॅम होते. आज ८७०. चेहऱ्याला नाटक करता येतं, काट्यापुढे ते चालत नाही.

एवढ्यात शेजारचे काका पेपर मागायला आले. ते निवृत्त हिशेबतपासनीस आहेत, पण निवृत्ती फक्त नोकरीतून.

"केवढ्याला घेतला होता?" त्यांनी विचारलं.

"चारशे."

"आणि डॉक्टर किती घेईल?"

"आठशे तरी."

"मग नवा घ्या की! आठशेत दोन येतील."

गणित बिनचूक होतं, म्हणूनच ऐकवेना. मग त्यांनी दोन मोफत उपचार सुचवले. एक, लंघन. आपल्याकडे लंघन हे परम औषध. दोन, त्यांच्या खोकल्यातून उरलेली अमॉक्सिसिलिनची अर्धी गोळी. सौ.ने दोन्ही सूचनांचे आभार मानले आणि भाजीच्या टोपलीत टॉवेल अंथरला.

पहिल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "मी कुत्री-मांजरं बघतो. याच्या दाढा तपासायला वेगळी साधनं लागतात." त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता दिला. तिथे एक लॅब्रॅडोर आणि एक इराणी मांजर यांच्यामध्ये भाजीची टोपली मांडीवर घेऊन आम्ही बसलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"भाऊसाहेब."

"आडनाव?"

मी सौ.कडे पाहिलं. तिने क्षणाचाही विलंब न लावता आमचं आडनाव सांगितलं.

काकांच्या गणितात ही एक ओळ राहिली होती. चारशे रुपये ही दुकानातल्या प्राण्याची किंमत. एकदा आडनाव लागलं की तो हिशेब बंद होतो आणि दुसरी वही उघडते. आपण त्याला तीन फूट बाय दोन फुटांच्या जगात ठेवलेलं असतं. पोट बिघडलं तर त्याला रानात जाऊन आपल्या सोयीचं गवत शोधता येत नाही. त्याच्या सगळ्या वाटा आपण बंद केल्या, तर दवाखान्याची एक वाट उघडी ठेवणं याला मी दया म्हणणार नाही. ते देणं आहे.

डॉक्टरांनी बारीक दिव्याची नळी तोंडात घालून पाहिलं. गिनीपिगचे दात आणि दाढा जन्मभर वाढतच असतात. गवत चघळून त्या झिजायला हव्यात. भाऊसाहेबांची एक दाढ वाढून जिभेला टोचत होती. भूल देऊन ती घासावी लागली. काकांच्या औषधांबद्दल मी सहज विचारलं तेव्हा डॉक्टर दचकलेच. याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दिवसभर काही खाल्लं नाही तरी जिवावर बेतू शकतं. आणि पेनिसिलिनच्या कुळातलं औषध तोंडावाटे दिलं, तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून प्राणीही दगावतो. म्हणजे काकांचे दोन्ही उपचार खरोखरच मोफत होते. पुढे खर्चच उरला नसता.

मग सुई नसलेल्या सिरिंजने दर तीन-चार तासांनी पातळ खाणं भरवायचं, आणि वर क जीवनसत्त्व. ते माणसासारखंच गिनीपिगलाही शरीरात तयार करता येत नाही. कुत्र्याला येतं, गाईला येतं, घरातल्या उंदरालाही येतं. आपण दोघे मात्र बाहेरून आणणारे. म्हणून तर १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला, आणि त्या रोगाचं मूळ आहारात आहे हे दिसलं. त्याआधी १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला तोही गिनीपिगांना क्षय देऊन. ज्याच्या खानदानाने माणसाच्या औषधासाठी एवढं सोसलं, त्याच्या दाढेसाठी माणसाने पाकीट उघडायला काचकूच करावी, हे बरं दिसत नाही. क जीवनसत्त्वासाठी डॉक्टरांनी ढोबळी मिरची सांगितली, आणि कधीमधी पेरूची फोड. देशही पेरू, औषधही पेरू. भाऊसाहेबांचं माहेर तुटलं नाही म्हणायचं.

एकूण साडेतीन हजार झाले. ते ऐकून काकांनी शेवटचा आणि खरा प्रश्न टाकला. "अहो, देशात माणसांना औषध मिळत नाही, आणि तुम्ही..." याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पैसा तुपासारखा असतो, एकाला वाढला की दुसऱ्याला कमी पडतो. पण ते साडेतीन हजार माझ्या चष्म्याच्या नव्या फ्रेमसाठी ठेवलेले होते, आणि त्या फ्रेमबद्दल देशातल्या रुग्णांच्या वतीने कुणी हरकत घेतली नव्हती. माया मात्र तुपासारखी नसते. ती विहिरीसारखी. उपसली तर झरे मोकळे राहतात, जपून ठेवली तर पाण्याला वास येतो.

पाचव्या दिवशी फ्रिज उघडताच शीळ आली. पुढच्या रविवारी ९१० ग्रॅम भरले. सिरिंज धरून रात्री-बेरात्री उठणाऱ्या सौ.कडे बघताना माझ्या मनात आलं, समाजात वजन असणं म्हणजे पद, पैसा, ओळखी असं आपण जन्मभर समजतो. खरं वजन एवढंच, की ते नव्वद ग्रॅमने उतरलं तर कुणाच्या तरी लक्षात यावं. सांगणाऱ्यांचं काय, आम्ही आमचं बघून घेतो. न सांगणाऱ्यांसाठी कुणीतरी काटा घेऊन बसायला हवं.

परवा जेवताना सौ.ने अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली. मी काही विचारलं नाही. उत्तर पाठ आहे. हात धुतले आणि डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतली.

नाव सांगितलं. आडनाव त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं.